विवाहाचा पुरावा

आपला विवाह झालेला आहे हें सिद्ध करून दाखविण्याची पाळी आपणांपैकीं फारच थोड्यांवर आली असेल. आपण लग्न करतों, संसार करतों, पुढें मुलाबाळांचीं लग्नें लावून देतों. परंतु या सर्व खटाटोपांत आपण नवराबायको आहों या गोष्टीला कांहीं पुरावा लागतो, अशी शंकाहि आपल्या मनाला शिवत नाहीं. शेजाऱ्यांना तें ठाऊक असतें, दूधवाल्याला ठाऊक असतें, आणि ज्यांच्या घरापर्यंत आपल्या भांडणाचा आवाज पोहोंचतो त्यांना तर तें फारच चांगलें ठाऊक असतें. पण दूरदेशच्या एखाद्या अपरिचित अधिकाऱ्यानें कांचेपलीकडून "हा विवाह खरा कशावरून?" असा प्रश्न केला, तर त्याला द्यावयाचें उत्तर आपल्यापैकीं किती जणांजवळ तयार आहे? आमच्याजवळ तें नव्हतें. आणि नव्हतें ही गोष्ट आम्हांला वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींतल्या एका टॉवेलच्या कारखान्यांत बसून कळली.

सोलापुरांतून अक्कलकोटकडे निघालें म्हणजे वाटेंत ही एमआयडीसीची वसाहत लागते. तिच्यांत शिरतांच कानीं येतो तो यंत्रमागांचा खडखडाट. तेलंगणांतून येऊन येथें स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांच्या कैक पिढ्यांनीं आणि १८७७ सालीं निघालेल्या जुन्या मिलीनें सोलापूरला कापडाचें गांव केलें. मिल गेली, माग राहिले. आमच्या एका पद्मशाली स्नेह्यांचे असे बारा माग या वसाहतींत आहेत. त्यांची एकुलती एक मुलगी आमच्या महाविद्यालयांत आमच्या हाताखालीं इंग्रजी शिकली, आणि पदवी मिळाल्यावर बापाच्या कारखान्याचा हिशेब पाहूं लागली. आई चार वर्षांपूर्वीं वारली. तेव्हांपासून सूत कोणाकडून घ्यावयाचें, कोणत्या मागावर कोणता माल लावावयाचा, कामगारांचा आठवड्याचा पगार कसा भागवावयाचा, हें सर्व तीच पाही. वडिलांना ती तेलुगु रीतीप्रमाणें 'नान्ना' म्हणते. तिचें नांव येथें सांगत नाहीं. एक तर त्याची जरूर नाहीं, आणि दुसरें असें कीं, तिचें नांव नक्की कोणतें हाच पुढें एक मोठा वादाचा विषय होऊन बसला.

तिचें लग्न ठरलें तें त्यांच्याच समाजांतल्या, सोलापुरांत जन्मलेल्या पण शिक्षणासाठीं अमेरिकेस जाऊन तेथेंच नागरिक झालेल्या एका इंजिनियराशीं. लग्न झालें, एकोणीस दिवसांनीं नवरा परत गेला, आणि नंतर कागदांचें पर्व सुरू झालें. आमचे स्नेही एके दिवशीं सायंकाळीं आमच्या घरीं आले आणि म्हणाले, "सर, आपण इंग्रजीचे प्रोफेसर. हें एवढं वाचून द्या." आम्ही इंग्रजी काव्य शिकवितों एवढ्यावरून आम्हांला इंग्रजी अर्जहि कळत असले पाहिजेत, असा आमच्या गांवाचा गोड गैरसमज आहे. त्याला तडा जाऊं द्यावयाचा नाहीं म्हणून आम्हीं ते कागद वाचावयास घेतले, आणि पुढें दीड वर्षाहून अधिक काळ आम्ही त्यांच्यांतून बाहेर पडलों नाहीं.

या विधीचा क्रम वाचकांना थोडक्यांत सांगतों. प्रथम नवऱ्यानें आपल्या देशाच्या सरकारकडे अर्ज करावयाचा कीं, अमुक स्त्री माझी विवाहित पत्नी आहे. त्या अर्जांत त्याला 'विनंति करणारा' आणि तिला 'लाभ घेणारी' अशा अर्थाचे शब्द आहेत. बारा माग चालविणाऱ्या त्या मुलीनें स्वतःला 'लाभ घेणारी' असें प्रथम वाचलें तेव्हां ती नुसती हंसली. अर्ज मान्य झाला म्हणजे प्रकरण त्यांच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातें. तेथें शुल्क, दुसरा एक लांबलचक अर्ज, जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला, पोलिसांचा दाखला. नंतर ठराविक डॉक्टरांकडून छातीचें क्ष-किरण छायाचित्र आणि लसी. आणि सर्वांच्या शेवटीं मुंबईच्या वकिलातींत समक्ष मुलाखत. नवरा नागरिक असला तर बायकोच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नसते. तो नुसता कायमचा रहिवासी असला तर असते, आणि मग वाट पाहणें आणखी लांबतें. आमच्या मुलीचें नशीब पहिल्या प्रकारचें होतें. तरीहि एकोणीस महिने लागले.

या कागदांत एक हमीपत्र असतें. बायको सरकारच्या गळ्यांत पडणार नाहीं, तिचा निर्वाह तेथील दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट उत्पन्नावर आपण चालवूं, असें नवरा लिहून देतो. १९९६ च्या कायद्यानें या हमीला कराराचें बळ आलें. आणि मौज अशी कीं, पुढें काडीमोड झाली तरी ही हमी सुटत नाहीं. आम्हीं हें वाक्य मराठींत समजावून सांगितलें तेव्हां आमचे स्नेही क्षणभर विचार करून म्हणाले, "सर, आमच्या लग्नांत भटजीसुद्धां एवढं पक्कं कांहीं बोलत नाहींत." आम्हांस त्यांचें म्हणणें खोडून काढतां आलें नाहीं.

आतां नांवाची कथा. तेलुगु चालीप्रमाणें कुळाचें नांव आधीं आणि व्यक्तीचें मागून येतें. शाळेंत नांव घालतेवेळीं कोणा मास्तरांनीं तें मराठी पद्धतीनें उलटें करून मध्यें वडिलांचें नांव बसविलें. पासपोर्टावर कुळाचें नांव निराळ्या इंग्रजी अक्षरांनीं उतरलें. विवाहनोंदणीच्या दाखल्यावर वडील जाऊन त्यांच्या जागीं नवरा आला. जन्माच्या दाखल्यावर तर नांवच नव्हतें. नुसतें 'मुलगी' एवढेंच होतें, कारण बारसें व्हावयाच्या आधींच नोंद झाली होती. अशा रीतीनें चार कागदांवर मिळून तीन निरनिराळ्या स्त्रिया आणि एक निनांवी मूल असा परिवार तयार झाला. नगरपालिकेंत हेलपाटे घालून मुलाला नांव मिळालें, आणि मुद्रांक-कागदावर प्रतिज्ञा करून त्या तिघी एकच असल्याचें जाहीर करण्यांत आलें. प्रतिज्ञेखालीं सही करतांना मुलगी म्हणाली, "सर, ह्यांतली खरी कोणती तें मात्र कोणी विचारलं नाहीं."

नंतर आली विवाहाच्या खरेपणाची बाजू. दाखला हा विवाह झाल्याचा पुरावा. तो मनापासून झाला, परदेशांत शिरण्यापुरता झाला नाहीं, याचा पुरावा निराळा. त्यासाठीं छायाचित्रें, पत्रव्यवहार, परस्परांना पाठविलेले पैसे, प्रवासाचीं तिकिटें, फोनच्या नोंदी, जें जें मिळेल तें तें जोडावयाचें. लग्नाच्या अल्बमांतून बत्तीस छायाचित्रें काढलीं. अक्षता पडतांनाचें, सप्तपदीचें, जेवणाच्या पंगतीचें. ज्यांत वधू, वर आणि दोन्हीकडचे वडीलधारे एकत्र दिसतात अशींच निवडलीं. प्रत्येकाच्या पाठीमागें तारीख, ठिकाण आणि माणसांचें नातें आम्हीं इंग्रजींत लिहिलें. 'मामेसासरे' आणि 'आतेचुलता' यांना इंग्रजींत शब्द नाहीं हें आम्ही तीस वर्षें वर्गांत सांगत आलों होतों. त्याची खरी किंमत त्या दिवशीं कळली. सर्व गठ्ठा तयार झाल्यावर आमच्या स्नेह्यांनीं तो सुताचीं बंडलें तोलण्याच्या काट्यावर ठेवला. तीन किलो दोनशें ग्रॅम भरला. "सर, एवढं लग्न आमच्या घराण्यांत कोणाचं झालं नव्हतं," असें ते म्हणाले.

सरकारचा संशय अगदींच निराधार आहे असें नाहीं. खोटीं लग्नें लावून देशांत शिरणारे लोक आहेत. लग्न करून बायकोला परक्या मुलखांत वाऱ्यावर सोडणारेहि आहेत. १९८६ सालीं अमेरिकेनें असा कायदा केला कीं, प्रवेशाच्या वेळीं लग्नाला दोन वर्षें झालेलीं नसल्यास पत्नीला दोन वर्षांपुरतीच सशर्त परवानगी द्यावी, आणि ती मुदत संपत आली म्हणजे दोघांनीं मिळून अर्ज करावा. म्हणजे त्या दोन वर्षांत बायकोचें तेथील राहणें बरेंचसें नवऱ्याच्या सहीवर अवलंबून. छळ सोसणाऱ्या बायकोला एकटीनें अर्ज करण्याची वाट १९९० मध्यें मोकळी झाली. ही शेवटची गोष्ट आम्हीं मुलीला बापाच्या देखत न सांगतां निराळी बोलावून सांगितली. ऐकून ती म्हणाली, "लिहून द्या सर. लागणार नाहीं; पण लिहून द्या."

घरीं येऊन आम्हीं या प्रकाराचा पूर्वेतिहास चाळूं लागलों, कारण संकटांत सांपडलें म्हणजे पुस्तकाकडे धांव घेणें हा आमच्या धंद्याचा दोष आहे. बायकांना वकिलातींत प्रश्न विचारण्याची ही चाल बरीच जुनी निघाली. १८७५ सालीं अमेरिकेनें पेज कायदा केला. चीन, जपान इत्यादि पौर्वात्य देशांतून निघणाऱ्या स्त्रिया अनैतिक कामासाठीं तर नेल्या जात नाहींत ना, याची खात्री त्या त्या बंदरांतील अमेरिकन वकिलानें करून घ्यावी असें त्यांत ठरलें. परिणाम असा झाला कीं, चिनी मजुरांच्या खऱ्या बायकाहि घरींच राहिल्या. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षीं नवऱ्याला मागें ठेवून एकट्या त्याच अमेरिकेस गेल्या, तेव्हां हिंदी प्रवाशांना व्हिसाचा प्रश्न नव्हता. पण हें दार पुढें बंद झालें. १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतून येणाऱ्यांना मनाई झाली. १९२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाहीं असा निकाल दिला. आणि अशा अपात्र परक्याशीं लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचें स्वतःचें नागरिकत्व १९३१ पर्यंत जात असे. १९४६ मध्यें दार किलकिलें झालें तें वर्षाला शंभर माणसांपुरतें. तें खरोखर उघडलें १९६५ च्या कायद्यानें.

याहून आमच्या मनाला लागलें तें दक्षिण आफ्रिकेंतलें प्रकरण. नामदार गोखले १९१२ च्या अखेरीस तो देश फिरून आले, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं, १९१३ च्या मार्चमध्यें, केपचे न्यायमूर्ति सर्ल यांनीं नवऱ्याकडे येणाऱ्या एका मुसलमान स्त्रीच्या बाबतींत असा निकाल दिला कीं, बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या विधीनें झालेला विवाह कायद्यानें मान्य होऊं शकत नाहीं. एका सहीसरशीं तेथील हजारों हिंदु, मुसलमान आणि पारशी बायका बायका उरल्या नाहींत. कस्तुरबा सत्याग्रहांत उतरून तुरुंगांत गेल्या त्या याच वर्षीं. १९१४ च्या कायद्यानें ते विवाह पुन्हां मान्य झाले. अधिकाऱ्याच्या संशयाला सीमा नसली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आमच्या हयातींतहि आहे. १९७९ च्या जानेवारींत लंडनच्या विमानतळावर विवाहासाठीं उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्याची तपासणी करण्यांत आली. वृत्तपत्रांनीं बोभाटा केल्यावर ती चाल बंद झाली.

हें वाचीत असतां आम्हीं सहज आमच्या स्वतःच्या विवाहाकडे पाहिलें. आमचें लग्न झालें तेव्हां महाराष्ट्राचा विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा व्हावयाचा होता. सर्व विवाहांची नोंद सक्तीची करावी हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश तर २००६ चा. सबब आमच्याजवळ दाखला नाहीं. लग्नपत्रिका आहे, पण तींत आमच्या कुटुंबाचें माहेरचें नांव आहे. ताटांतल्या तांदळांवर आम्हीं त्यांचें जें नवें नांव लिहिलें, तें पुढें शिधापत्रिकेवर चढलें. त्यांच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर मात्र पहिलेंच राहिलें. न्यायमूर्ति सर्ल यांच्यापुढें आम्ही उभे राहिलों असतों, तर एका प्राध्यापकाच्या घरीं दोन परस्त्रिया राहतात, असाच निष्कर्ष निघाला असता.

आमच्या गांवांतहि एक असा विवाह आहे कीं, ज्याला यांतला कोणताच कागद लागला नाहीं. सोलापुरांत १९१० सालीं जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्यें वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तेथें युद्धाच्या धामधुमींत १९४१ मध्यें त्यांनीं कुओ छिंगलान या परिचारिकेशीं लग्न केलें आणि पुढल्याच वर्षाच्या डिसेंबरांत ते वारले. त्यांचा संसार एक वर्षाच्या आसपासचा. छिंगलानबाई पुढें जवळजवळ सत्तर वर्षें जगल्या, आणि या देशांत येऊन नवऱ्याच्या आप्तांना भेटून गेल्या. किती दिवस एकत्र राहिलें म्हणजे लग्न खरें होतें, या प्रश्नाला याहून चांगलें उत्तर आम्हांला ठाऊक नाहीं. पण तें उत्तर अर्जाच्या रकान्यांत बसत नाहीं.

मुलाखतीला तीन आठवडे उरले तेव्हां आमच्या घरीं एक तालीम घ्यावयाचें ठरलें. आम्ही अधिकारी होऊन खुर्चीवर बसलों; मुलगी समोर उभी राहिली. पति काय काम करतात, लग्न कोणीं जमविलें, लग्नाला किती माणसें होतीं, पति शेवटचे भारतांत केव्हां आले, असे प्रश्न आम्हीं केले. तिचीं उत्तरें चोख होतीं. शेवटीं आम्हीं विचारलें, "तुम्ही त्यांच्याबरोबर कायम राहूं इच्छितां काय?" आणि ती एकदम गप्प झाली. बऱ्याच वेळानें म्हणाली, "सर, ह्याचं उत्तर मला पाठ आहे. पण तें खरं आहे का, हें मीच अजून पाहतें आहें. लग्नानंतर एकोणीस दिवस आणि मधल्या सुटींत पंधरा. सगळे मिळून चौतीस दिवस आम्ही एकत्र राहिलों. इकडे नान्ना एकटे. बारा माग. मी जातें आहें तें लग्न झालंय म्हणून, कीं जावंसं वाटतंय म्हणून? अधिकारी खोटं पकडील ह्याची मला भीति नाहीं. माझं मलाच पकडतां येत नाहीं."

तीन किलो पुराव्यामध्यें या प्रश्नाला उत्तर नव्हतें. आम्हांलाहि बोलावयास सुचेना. इतक्यांत आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन खुर्चीचा ताबा घेतला. "अहो, तिला कसले प्रश्न विचारतां? उठा. मी विचारतें, आणि उत्तरं तुम्ही द्या. आपल्या लग्नांत माझ्या अंगावर शालू कोणत्या रंगाचा होता?" आम्हीं हिरवा म्हणालों, तो जांभळा होता. "माझ्या गुडघ्याच्या गोळ्या जेवणाआधीं कीं जेवणानंतर?" आम्हीं 'नंतर' म्हणालों; त्या आधींच्या होत्या. "बरं, मला न आवडणारी भाजी कोणती?" हा प्रश्न मात्र आम्हांला सोपा वाटला. आम्हीं ठणकावून सांगितलें, "कारलें. एकोणतीस वर्षांत आपल्या घरांत तें कधीं आलें नाहीं."

"तें तुम्हांला आवडत नाहीं," त्या म्हणाल्या. "मला फार आवडतं. माहेरीं गेलें कीं खातें."

मुलगी हंसूं लागली. आमचे स्नेहीहि हंसले. आम्ही हंसलों, पण तें वाक्य आमच्या मनांत रुतून बसलें. आमच्या कुटुंबानें मग तिचा हात धरून तिला जवळ बसविलें आणि म्हटलें, "हे बघ, नापास झाले तरी ह्यांना मी घरांतून काढलं नाहीं. आधीं सगळं कळून कोणी जात नसतं. तेवढं बघ कीं, कळून घ्यायची त्याला इच्छा आहे का. नसली तर जाऊं नको. नान्नांना मी सांगेन."

आठ दिवसांनीं मुलगी कारखान्याच्या कचेरींत फोनच्या नोंदींचे छापील कागद लावीत बसली होती. एकोणीस महिन्यांच्या त्या नोंदी. तारीख, वेळ, मिनिटें. आम्ही जवळच बसून क्रमांक घालीत होतों. एका कागदावर तिचें बोट थांबलें. "सर, ही तारीख पाहा. चार नंबरच्या मागाची मोटर जळाली तो दिवस. दोन तास चाळीस मिनिटं." तिकडची ती कामाची वेळ होती, नवरा त्या दिवशीं कामावर गेलाच नव्हता, आणि तें त्यानें तिला सांगितलेंहि नव्हतें. मग ती मागचीं पानें उलटूं लागली. दिवाळीचा बोनस द्यावयास पैसे कमी पडले ती रात्र. एका कामगार बाईचा हात मागांत सांपडला तो दिवस. आईच्या श्राद्धाचा दिवस. ज्या ज्या दिवशीं तिला जड गेलें, त्या त्या दिवशीं मिनिटांचा आंकडा मोठा होता. अधिकाऱ्याकरितां गोळा केलेला पुरावा ती प्रथमच स्वतः वाचीत होती. वाचून झाल्यावर तिनें कागद नीट जुळविले, टांचणी मारली आणि म्हणाली, "त्याला आमच्या सगळ्या कामगारांचीं नांवं पाठ आहेत, सर. हें मला ठाऊक होतं. पण मोजलं नव्हतं."

त्या दिवसानंतर तिनें तो प्रश्न पुन्हां काढला नाहीं.

ठरल्या दिवशीं आम्ही तिघे सिद्धेश्वर एक्स्प्रेसनें मुंबईस गेलों. अमेरिकेची वकिलात पूर्वीं भुलाभाई देसाई रस्त्यावरील लिंकन हाऊसमध्यें असे. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलांत आहे. आंत अर्जदारानेंच जावयाचें. फोन न्यावयाचा नाहीं, थैली न्यावयाची नाहीं. तीन किलोंचा गठ्ठा उराशीं धरून मुलगी आंत गेली, आणि तिचा फोन वडिलांच्या हातीं राहिला. आम्ही दोघे रस्त्याच्या दुसऱ्या कडेला उभे राहिलों. आमच्यासारखे पुष्कळ होते. कोणी पंजाबचे, कोणी गुजरातचे, कोणी केरळचे. एकमेकांची भाषा न कळतां सर्वजण एकाच दाराकडे पाहत होते.

इतक्यांत फोन वाजला. जांवई बोलत होते. तिकडे रात्र झाली होती. "अजून आंतच आहे," आमच्या स्नेह्यांनीं सांगितलें. त्यावर दोघांनाहि पुढें बोलावयास कांहीं सुचेना. तरी कोणींच फोन ठेवला नाहीं. पंधरावीस मिनिटांनीं तिकडून विचारणा होई, "आली का?" आणि इकडून उत्तर जाई, "नाहीं." मध्येंच एकदां तिकडून प्रश्न आला, "बारा नंबरचा माग लागला का?" आमच्या स्नेह्यांचा चेहरा उजळला, आणि ते बारा नंबरच्या मागाविषयीं दहा मिनिटें तेलुगूंत बोलले. असे दोन तास गेले. पैशाला बैठा हिशेब असणाऱ्या या मनुष्यानें फोन इतका वेळ उगाच चालूं ठेवलेला आम्हीं कधीं पाहिला नव्हता.

मुलगी बाहेर आली ती रिकाम्या हातांनीं नव्हे. गठ्ठा जवळजवळ सगळा परत आला होता, पण पासपोर्ट ठेवून घेतला होता. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे काम झालें, हें रस्त्यावरच्या सर्वांनाच ठाऊक होतें. एका अनोळखी पंजाबी म्हातारीनें तिच्या तोंडावरून हात फिरविला. उजवा हात वर करून शपथ, बोटांचे ठसे, आणि मग जेमतेम पांच मिनिटें प्रश्न. अधिकारी एक तरुण बाई होती. सौम्य बोलत होती. लग्न कसें जमलें, कोण कोण आलें होतें, एवढें तिनें विचारलें. छायाचित्रें चारच पाहिलीं. शेवटीं विचारलें, "तुम्ही स्वतः काय करतां?" "मी म्हटलं, टॉवेल विणतें. बाई म्हणाली, कसं? मग मी तिला सांगितलं, सर, कीं उभे धागे दोन प्रकारचे असतात; एक ताठ ओढलेले, दुसरे सैल सोडलेले. ताठ धाग्यांनीं कापड टिकतं, सैल धाग्यांचीं वेटोळीं होतात. पाणी तींच टिपतात. बाई ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, मंजूर."

"आणि तो कायम राहण्याचा प्रश्न?" आम्हीं विचारलें.

"तो विचारलाच नाहीं," ती म्हणाली. "मी उत्तर तयार ठेवलं होतं. ह्या वेळीं खरं होतं."

महिन्याभरांत ती गेली. लग्नाला दोन वर्षें भरावयास चार महिने कमी होते, सबब तिची परवानगी सशर्त आहे. ती पक्की करावयाचा अर्ज पुढें दोघांनीं मिळून करावयाचा आहे, आणि त्यासाठीं नवे पुरावे जमवावे लागतील. आमचा लिहून दिलेला तो कागदहि तिनें नेला आहे. कारखान्याचा हिशेब आतां ती रात्रीं तिकडून पाहते. पण मागाजवळ उभें राहून सुताचा तुटलेला धागा ओळखणें तिकडून होत नाहीं. तें काम आमचे स्नेही पुन्हां करूं लागले आहेत. बारापैकीं नऊच माग चालतात. त्याबद्दल ते तक्रार करीत नाहींत, आणि आम्हीहि विचारीत नाहीं.

गेल्या आठवड्यांत आम्ही अक्कलकोट रस्त्यावर गेलों होतों. कचेरींतल्या मेजावर लग्नाचा तो अल्बम पडला होता. बत्तीस छायाचित्रें मुलगी बरोबर घेऊन गेली. पुढच्या अर्जाला लागतील म्हणून. त्यामुळें अल्बमांत बत्तीस कोऱ्या जागा राहिल्या आहेत. पहिल्या कोऱ्या जागीं आमच्या स्नेह्यांनीं एक जुनें छायाचित्र लावलें होतें. तें आम्हीं गठ्ठा करतांना आमच्याच हातानें बाजूला टाकलें होतें, कारण त्यांत नवरा नव्हता, तारीख नव्हती, कोणाचें नातें दिसत नव्हतें, आणि म्हणून त्यानें कांहींच सिद्ध होत नव्हतें. सुताच्या काट्यापाशीं बसून, कानामागें पेन्सिल खोंवून, मुलगी पगाराचा हिशेब करीत होती, एवढेंच त्यांत होतें. आमचे स्नेही म्हणाले, "सर, ह्याच्या पाठीमागंहि कांहीं तरी लिहून द्या कीं."

आम्हीं पेन हातांत घेतलें. तारीख त्यांना आठवत नव्हती. म्हणून ठिकाण लिहिलें, आणि नात्याच्या जागीं 'मुलगी' एवढाच शब्द मराठींत लिहिला. परत येतांना मंडईंत उतरून आम्हीं पावशेर कारलीं घेतलीं.